औषध कंपनीत नीतिनियम कागदावरून कामात कसे आणायचे

केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी औषधांच्या विपणनाची नवी समान आचारसंहिता जाहीर केली. बोलताना सगळे तिला यूसीपीएमपी म्हणतात. त्यानंतर बऱ्याच लहान-मध्यम कंपन्यांनी केले ते एवढेच: कुठल्यातरी मोठ्या कंपनीचे धोरण मिळवले, नाव बदलले, संचालकांची सही घेतली आणि फाइल कपाटात ठेवली. एरिया मॅनेजरच्या खर्चपत्रकातली ‘डॉक्टर ॲक्टिव्हिटी’, म्हणजे डॉक्टरांवरच्या खर्चाची, ही ओळ मात्र जिथल्या तिथे राहिली.

हे मार्गदर्शन त्या ओळीसाठी आहे. औषध कंपनीतला गैरप्रकार बहुतेक वेळा दोन जागी पकडता येतो: पैसा जिथून बाहेर जातो तिथे आणि नोंद जिथे लिहिली जाते तिथे. धोरणाची पाने वाढवण्यापेक्षा या दोन जागांवर लक्ष ठेवणारा, कुणाचा मिंधा नसलेला माणूस बसवा, असे माझे मत आहे. तुमचा कारखाना तारापूर, अंबरनाथ, महाड, वाळूज किंवा गोव्यातल्या वेर्णा इथे असेल, किंवा पुण्यात फक्त ऑफिस आणि माल हिमाचलमधल्या बद्दीहून बनून येत असेल, तरी पुढच्या पायऱ्या लागू पडतील.

या विषयाची किंमत महाराष्ट्राने आधीच मोजली आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेले ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा उत्पादकापासून खरेदी आणि प्रशासनापर्यंतची साखळीच उघडी पडली. त्याच रसायनाने २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात पुन्हा मुलांचे जीव घेतले.

पायरी १: कायद्याच्या नजरेत आपण कोण, ते लिहून काढा

कायद्यांची लांबलचक यादी करत बसू नका. तुमच्या एका उत्पादनाचा प्रवास एका मोठ्या कागदावर काढा: कच्चा माल कोण देतो, कोण बनवतो, कुणाच्या परवान्यावर, लेबलवर कुणाचे नाव, डेपो कुठे, स्टॉकिस्ट कोण, डॉक्टरकडे कोण जातो, किंमत कोण ठरवते. प्रत्येक टप्प्यासमोर तिथे लागणारा कायदा लिहा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालचे १९४५ चे नियम जवळजवळ सगळीकडे येतील. किमतीच्या टप्प्यावर औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३. जाहिरातीच्या टप्प्यावर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा. सरकारी रुग्णालयाला विक्री असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा. कोडीन, ट्रॅमाडॉल असे काही हाताळत असाल तर अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा. चाचण्या करत असाल तर नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम २०१९. शेअर बाजारात नोंदणी असेल तर सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे नियमही, कारण एफडीए या अमेरिकी औषध नियामकाच्या तपासणीचा निकाल ही भाव हलवणारी माहिती असते आणि ती प्लांटमधल्या वीस जणांना बाजाराच्या आधी कळलेली असते.

हा कागद करताना एक भ्रम हमखास फुटतो. “आम्ही फक्त मार्केटिंग करतो, बनवणारा वेगळा आहे” असे म्हणणाऱ्या कंपन्या आपल्याकडे भरपूर आहेत. १ मार्च २०२१ पासून हे वाक्य चालत नाही. १९४५ च्या नियमांतल्या ८४-डी आणि ८४-ई नुसार विपणन करणाऱ्याला उत्पादकाशी करार करावा लागतो आणि औषधाच्या गुणवत्तेची जबाबदारी उत्पादकाबरोबर त्याच्यावरही येते. थर्ड पार्टीकडे बनवून घेणाऱ्याने त्या कारखान्यात वर्षातून एकदा तरी आपला जाणकार माणूस पाठवला नसेल, तर करारातली कलमे उद्या त्याच्या कामाला येणार नाहीत.

दुसरी गोष्ट औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३४ ची. गुन्हा कंपनीचा असला तरी त्या काळात व्यवसायाचा कारभार ज्याच्या हाती होता ती व्यक्ती दोषी धरली जाते. संचालकाची संमती, संगनमत किंवा हयगय दिसली तर तोही. म्हणून जबाबदारीचा तक्ता संचालक मंडळाच्या ठरावाने करा आणि माणूस बदलला की त्याच आठवड्यात तक्ता बदला. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाच्या नावाने नोटीस येते, तेव्हा गोंधळ दोन्ही घरांत होतो.

पायरी २: ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस नेमा

शंभर-दीडशे कोटींच्या कंपनीत कम्प्लायन्सचे (नियमपालनाचे) काम सहसा कंपनी सेक्रेटरी, एचआर किंवा क्यूएच्या (गुणवत्ता हमी विभागाच्या) मॅनेजरच्या गळ्यात जादा काम म्हणून पडते. त्याला माझी हरकत नाही, तीन अटी पाळल्या तर. त्याच्या पगारातला कोणताही भाग विक्रीच्या टार्गेटवर अवलंबून नसावा. सेल्स हेडला न विचारता एखादे पेमेंट किंवा बॅच थांबवण्याचा लेखी अधिकार त्याला असावा. आणि तिमाहीतून एकदा प्रवर्तक बाहेर बसलेले असताना त्याला स्वतंत्र संचालकांशी किंवा ऑडिटरशी बोलता यावे. तिसरी अट ऐकून मालक मंडळी कपाळाला आठ्या घालतात. घालू द्या.

यामागे कायद्याचेही कारण आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ९ खाली, कंपनीशी संबंधित कुणी कंपनीच्या फायद्यासाठी लोकसेवकाला लाच दिली तर कंपनीवर गुन्हा येतो. त्यातून सुटायचे तर असे प्रकार रोखणारी पुरेशी व्यवस्था आधीपासून होती, हे कंपनीला दाखवावे लागते. घटनेनंतर छापलेली पॉलिसी तिथे उपयोगाची नाही. थांबवलेली पेमेंट, नाकारलेली बिले, प्रशिक्षणाच्या सह्या यांतूनच ती व्यवस्था दिसते.

पायरी ३: डॉक्टर आणि पैसा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. संहितेचा गाभा कोणत्याही एमआरला, म्हणजे डॉक्टरांकडे जाणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला, पाच मिनिटांत सांगता येतो. डॉक्टरला किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणाला वैयक्तिक फायद्याची भेट नाही, रोख नाही, कोणत्याही नावाखाली पैसा नाही. प्रवास, हॉटेल, रिसॉर्ट नाही; अपवाद वक्ता म्हणून बोलावलेल्या डॉक्टरचा. डायरी, कॅलेंडर, पुस्तक, उपचारांची मार्गदर्शिका अशा माहितीच्या वस्तू चालतात, पण एका वस्तूची किंमत १,००० रुपयांपर्यंतच. वैद्यकीय शिक्षणाचे कार्यक्रम परदेशात घ्यायचे नाहीत, आणि देशात घेतले तर खर्चाचा तपशील उघड ठेवायचा. हे सगळे स्टॉकिस्ट, घाऊक विक्रेता किंवा केमिस्टच्या हातून केले तरी ते कंपनीनेच केले असे धरले जाते. एमआरच्या वागण्याचीही जबाबदारी कंपनीची आहे.

सॅम्पलचा हिशेब आकड्यांत बसवा, कारण इथे चूक सहज होते. एका सॅम्पल पॅकमध्ये जास्तीत जास्त तीन रुग्णांच्या पूर्ण उपचाराएवढेच औषध. एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षात जास्तीत जास्त १२ पॅक. आणि वर्षभरात वाटलेल्या सगळ्या सॅम्पलची किंमत कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या २ टक्क्यांच्या आत. देशातली विक्री ८० कोटी असेल तर मर्यादा १ कोटी ६० लाखांची झाली. पाच दिवस रोज दोन गोळ्यांचा कोर्स असेल तर पॅकमध्ये ३० गोळ्यांच्या वर जाता येणार नाही. डॉक्टरचे नाव, औषध, संख्या आणि तारीख यांची नोंद हवी. सॅम्पल डेपोतून एमआरला गेले की ‘वाटले’ असे धरणारी सॉफ्टवेअर अजून चालू आहेत. त्यात १२ पॅकची मर्यादा कधीच दिसत नाही. नोंद डॉक्टरच्या पातळीवर उतरली पाहिजे. तेरावा पॅक टाकताना ॲपनेच अडवले तर एमआरशी वाद घालायची वेळ येत नाही.

आता पैसा कुठून निसटतो ते पाहू. सरळ भेटवस्तू आता कमी दिसतात. रस्ते बदलले आहेत. इव्हेंट कंपनीचे एकरकमी बिल, ज्यात हॉल, जेवण आणि ‘मिसलेनियस’ एकत्र. ट्रॅव्हल एजंटचे बिल, ज्यात प्रवाशांची नावे नाहीत. डॉक्टरांच्या ‘सर्व्हे’चे मानधन, ज्यात चाळीस फॉर्मवर एकाच हाताचे अक्षर. स्टॉकिस्टला दिलेली क्रेडिट नोट, जिला कुठल्याच स्कीमचा आधार नाही. डॉक्टरच्या पत्नीच्या नावाची कन्सल्टन्सी. हॉस्पिटलमधल्या मेडिकल दुकानाला नेहमीपेक्षा जाड मार्जिन.

हे शोधायला बाहेरची महाग एजन्सी लागत नाही. अकाउंट्समधल्या एका चोख माणसाला एक्सेल आणि दोन दिवस द्या. व्हेंडरच्या पॅन आणि बँक खात्याची यादी डॉक्टर लिस्टमधल्या नाव-पत्त्यांशी ताडा. एकाच दुकानाची बिले वेगवेगळ्या हेडक्वार्टरच्या एमआरकडून येतात आणि त्यांचे क्रमांक सलग असतात का, ते पाहा. नांदेड आणि कोल्हापूरच्या माणसांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून लागोपाठच्या नंबरची बिले घ्यावीत हा योगायोग फार थोर आहे. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतले गोल आकड्यांचे खर्च वेगळे काढा. ज्या डॉक्टरवर खर्च झाला, त्याच्या भागातल्या केमिस्टकडची त्या ब्रँडची मागणी पुढच्या दोन महिन्यांत एकदम वर गेली का, हे आरसीपीएच्या, म्हणजे केमिस्टकडच्या प्रिस्क्रिप्शनच्या पाहणीच्या, आकड्यांवरून दिसते. सेल्सची माणसे हाच मेळ अभिमानाने प्रेझेंटेशनमध्ये दाखवतात. तुम्ही तोच तक्ता उलट बाजूने वाचा.

वक्ता किंवा सल्लागार म्हणून डॉक्टरला मानधन देणे बेकायदा नाही. पण काम सुरू होण्याआधी लेखी करार हवा, कामाची खरी गरज कोणी मांडली ते कागदावर हवे, दर सगळ्यांना एकाच तक्त्यातून हवा आणि काम झाल्याचा पुरावा हवा. डॉक्टर निवडताना सेल्सचे मत घेऊ नका, निवड मेडिकल विभागाला करू द्या. मेडिकल विभाग नसेल तर बाहेरचा वैद्यकीय सल्लागार ठेवा. त्याची फी एका चुकीच्या ‘ॲडव्हायझरी बोर्ड’ मीटिंगपेक्षा कमी येते.

संहिता मोडली तर काय होते, असे सेल्सवाले विचारतात. औषध कंपन्यांच्या संघटनेतून निलंबन किंवा हकालपट्टी, जाहीर ठपका, दिलेल्या रकमेची वसुली. हे ऐकून कुणी घाबरत नाही हे मान्य. मग त्यांना डिसेंबर २०२४ चे प्रकरण सांगा. ३० डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोच्या परिषदांना नेल्याबद्दल ॲबव्ही हेल्थकेअर इंडियावर विभागाच्या सर्वोच्च समितीने ठपका ठेवला. खर्च १ कोटी ९१ लाखांच्या आसपासचा होता. समिती तिथेच थांबली नाही. प्रकरण आयकर खात्याकडे आणि डॉक्टरांच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे गेले.

खरा चिमटा आयकराचाच आहे. ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी निकाल दिला की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीला उत्पन्नातून वजा करता येणार नाही, कारण ती भेट घेणे डॉक्टरला मनाई आहे. शिवाय १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभ दिला तर त्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि डॉक्टरला दिलेली सॅम्पलही त्यात मोजली जातात. म्हणजे सॅम्पलची डॉक्टरनिहाय नोंद नीट नसेल तर एकाच वेळी दोन खात्यांसमोर उत्तर नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा फॉर्म भरताना सीएकडून आकडा ताडून घ्या.

जिल्हा रुग्णालय, महापालिकेचे दवाखाने, सरकारी मेडिकल कॉलेज इथल्या डॉक्टरांची यादी वेगळ्या रंगात ठेवा. ते लोकसेवक आहेत. खासगी डॉक्टरच्या बाबतीत जो आचारसंहितेचा भंग ठरतो, तो इथे फौजदारी गुन्हा होऊ शकतो. दिवाळीत मिठाईचा बॉक्स कुठे गेला एवढ्या बारकाव्यात मी तरी जात नाही, पण बॉक्सच्या तळाशी व्हाउचर निघाले तर तो विषय मिठाईचा राहत नाही.

या पायरीवरचा सगळ्यात अवघड भाग शेवटी सांगतो. इन्सेंटिव्हची रचना बदलल्याशिवाय वरचे सगळे वरवरचे आहे. एमआरचा निम्मा पगार इन्सेंटिव्ह असेल आणि इन्सेंटिव्ह एका ब्रँडच्या महिन्याच्या आकड्यावर असेल, तर तुम्ही त्याला रस्ता दाखवलाच आहे. इन्सेंटिव्हचा वाटा खाली आणा, महिन्याऐवजी तिमाही धरा, आणि खर्चात खोट आढळली तर एमआरबरोबर त्याच्या वरच्या दोन पातळ्यांचा इन्सेंटिव्ह थांबेल असे लिहा. एकट्या एमआरला काढून टाकणे ही मॅनेजरने स्वतःची केलेली सुटका असते.

पायरी ४: व्हिज्युअल एड, लिफलेट आणि व्हॉट्सॲप

ही पायरी सोपी आहे. छापण्याआधी प्रत्येक मजकुरावर मेडिकल आणि कम्प्लायन्स अशा दोन सह्या. प्रत्येक दाव्यामागचा पुरावा फाइलला, कारण कुणी मागितला तर द्यावा लागतो. ‘सेफ’ हा शब्द कोणतीही मर्यादा न सांगता वापरायचा नाही. भारतात वर्षभराहून जास्त काळ सर्रास मिळणाऱ्या औषधाला ‘न्यू’ म्हणायचे नाही. मंजुरीत नसलेला उपयोग सुचवायचा नाही. एरिया मॅनेजर रात्री अकरा वाजता ग्रुपवर जे स्वतः केलेले पोस्टर टाकतो, तेही प्रमोशनच आहे. त्याला तयार, मंजूर पोस्टर पुरवा, म्हणजे तो स्वतः बनवायला बसणार नाही.

पायरी ५: कारखान्यातली नोंद

२०१३ च्या मे महिन्यात रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीने अमेरिकेत फौजदारी आरोप कबूल केले आणि ५० कोटी डॉलर भरायचे मान्य केले. कंपनीतले माजी अधिकारी दिनेश ठाकूर यांनी आतून जे उघड केले, त्याच्या मुळाशी न केलेल्या चाचण्यांचे आकडे होते. नऊ वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस, गुजरातेतल्या साणंदजवळच्या इन्टास या औषध कंपनीच्या कारखान्यात अमेरिकी तपासनीसांना फाडलेल्या कागदांनी भरलेल्या पिशव्या दिसल्या. एका विश्लेषकाने फाडलेल्या स्लिपांवर ॲसिड ओतल्याचेही त्यांनी नोंदवले. तिथले उत्पादन थांबले आणि २०२३ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाची टंचाई झाली. कागद फाडणारा माणूस खलनायक असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो संध्याकाळी सातला उद्याच्या डिस्पॅचसाठी बॅच पास करायच्या दबावाखाली असतो.

म्हणून तपासणीची सुरुवात एसओपीच्या (कामाच्या लेखी पद्धतींच्या) कपाटापासून न करता कचऱ्याच्या डब्यापासून करा. महिन्यातून एकदा, न सांगता, रात्रपाळीला क्यूसी (गुणवत्ता चाचणीच्या) लॅबमध्ये जा. डब्यात वजनकाट्याच्या स्लिपा आहेत का? कुणाच्या खिशात चिठ्ठीवर लिहिलेली तापमाने आहेत का? बीएमआर (बॅचच्या उत्पादनाची नोंद) एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकसारख्या अक्षरात भरलेला दिसतो का? औषधातले घटक मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या संगणकावर ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे? तो क्यूसीच्या प्रमुखाकडे असेल तर तातडीने आयटी किंवा क्यूएकडे हलवा. निकाल देणाऱ्याच्या हाती निकाल पुसायची सोय नको. ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदलले याची आपोआप होणारी नोंद) चालू आहे का, आणि तो कुणी उघडून वाचतो का? चालू असतो, वाचत कुणी नाही, हे मला सर्वाधिक वेळा दिसले आहे. ‘ट्रायल’ नावाची इंजेक्शने, म्हणजे यंत्रात घालून पाहिलेले नमुने, अधिकृत चाचणीच्या आधी दिसली तर तिथे थांबा आणि खोदा.

ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेरचा निकाल, नोंदवल्याबद्दल कुणाला ओरडा बसतो का, हे पाहा. ज्या लॅबमध्ये वर्षभरात एकही ओओएस नाही, तिथे गुणवत्ता उत्तम आहे असे समजणारा प्रवर्तक भोळा आहे.

सुधारित शेड्यूल एम, म्हणजे कारखान्याने पाळायचे उत्पादनाचे निकष, २०२३ च्या डिसेंबरअखेर अधिसूचित झाले. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती. लहानांना जास्त मिळाली आणि पुढे वाढवून डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत गेली. ती मुदतही आता उलटली आहे. त्यात जोखीम व्यवस्थापन, उत्पादनाचा वार्षिक आढावा, पुरवठादाराची पात्रता, संगणकीकृत प्रणालींची तपासणी असे सगळे आले आहे. सल्लागाराने दिलेल्या तयार फायलींनी ते भागत नाही. वर्षाचा आढावा लिहायचा तर वर्षभराचे आकडे खरे असावे लागतात.

पातळ औषधे बनवणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद, कारण इथे माणसे मरतात. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल यांत डायइथिलीन ग्लायकॉल मिसळते, कारण ते स्वस्त असते आणि दिसायला-चाखायला तसेच लागते. छिंदवाड्यातल्या मुलांना दिलेल्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये ते ४८.६ टक्के निघाले, मर्यादा ०.१ टक्क्याची. पुरवठादाराचे सर्टिफिकेट पुरेसे नाही. मूळ उत्पादक कोण, वाटेत कुणी ड्रम फोडून पुन्हा भरले का, हे खरेदीच्या आधी लेखी घ्या. औद्योगिक ग्रेडचा माल गेटच्या आत येता कामा नये. आलेल्या प्रत्येक ड्रमची चाचणी करा, लॉटमधल्या दोन-तीन ड्रमची नव्हे. स्वतःची सोय नसेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माल क्वारंटाइनमध्ये. खरेदी विभागाच्या बचतीच्या टार्गेटमधून हे घटक वगळा. किलोमागे वाचवलेल्या रुपयांवर बोनस मिळणारा खरेदी मॅनेजर हा विक्रीच्या टार्गेटवरच्या एमआरचाच भाऊ आहे.

निर्यात करणाऱ्यांना अजून एक. परदेशी खरेदीदाराने मागितले म्हणून काहीही बनवायचे नसते. पालघरच्या एका कारखान्यातून टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या व्यसन लावणाऱ्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केले आणि सरकारने त्या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात बंद केली. ज्या देशात माल जातो, तिथे ते औषध मंजूर आहे का आणि मागितलेला साठा त्या देशाच्या गरजेच्या प्रमाणात वाटतो का, हे दोन प्रश्न ऑर्डर घेण्याआधी विचारा.

पायरी ६: किंमत

किंमत नियंत्रण आदेशाच्या अनुसूचीतल्या औषधांना एनपीपीएची (केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाची) कमाल किंमत. बाकीच्यांची एमआरपी मागच्या १२ महिन्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. चूक आर्थिक वर्ष धरून हिशेब केल्याने होते. हिशेब सरकत्या बारा महिन्यांचा आहे. जास्त घेतलेली रक्कम व्याजासह भरावी लागते. अनुसूचीतले उत्पादन बंद करायचे तर किमान सहा महिने आधी कळवावे लागते. नवी किंमत सिस्टिममध्ये घालण्याआधी एकाने काढायची आणि दुसऱ्याने तपासायची, एवढे पुरते.

पायरी ७: तक्रार, दुष्परिणाम आणि रिकॉल

केमिस्टने एमआरला सांगितले की गोळीचा रंग बदलला आहे. ही तक्रार क्यूएपर्यंत किती तासांत पोहोचते? बहुतेक ठिकाणी ती पोहोचतच नाही. एमआर पट्टी बदलून देतो आणि विषय संपवतो. प्रत्येक एमआरच्या फोनमध्ये एकच नंबर द्या आणि २४ तासांत कळवणे त्याच्या नोकरीच्या अटींत घाला. रुग्णाला झालेला त्रासही त्याच नंबरवर. गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम परवाना अधिकाऱ्यांना कळवायला १५ दिवस असतात आणि ते कंपनीतल्या पहिल्या माणसाला कळल्यापासून मोजले जातात, असे धरून चाला. डॉक्टर आणि रुग्णांसाठी राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. तो तुमच्या लिफलेटवर छापायला लाजू नका.

रिकॉलची, म्हणजे बाजारातला माल परत बोलावण्याची, रंगीत तालीम वर्षातून एकदा घ्या. एक बॅच निवडा आणि ती कुठल्या स्टॉकिस्टकडे किती गेली हे चार तासांत काढून दाखवायला सांगा. जिवाला धोका असलेल्या वर्गातला माल जास्तीत जास्त ७२ तासांत परत आणावा लागतो. डेपोला शनिवारी दुपारनंतर फोन लागत नाही हे तालमीतच कळलेले बरे.

पायरी ८: आतला आवाज

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, जनतेच्या ठेवी घेणाऱ्या आणि बँका व सार्वजनिक वित्तीय संस्थांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज असलेल्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली व्हिजिल यंत्रणा (आतल्या माणसाला गैरप्रकार कळवता येईल अशी सोय) लागते. बाकीच्यांनीही ठेवावी. फक्त ई-मेल पत्ता देऊन भागत नाही. पॅकिंग लाइनवरच्या कंत्राटी बाईला, वेअरहाउसच्या लोडरला मराठीत किंवा हिंदीत, नाव न सांगता, फोनवर बोलता आले पाहिजे. फोन कंपनीबाहेरच्या माणसाने उचलावा. तक्रार आल्यावर पहिले काम पुरावा गोठवणे: लॉगबुक ताब्यात, संगणकाची प्रत, सीसीटीव्ही. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला कळवणे त्यानंतर. तक्रारदाराची बदली, कामगिरीचे गुण, सुट्टीचे अर्ज यांवर पुढचे वर्षभर कम्प्लायन्सची सही लागेल असा नियम करा. सूड घेतला जातो तो याच तीन वाटांनी. लैंगिक छळाच्या तक्रारी या वाटेने नेऊ नका. त्यांना २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समिती आहे आणि दहा कर्मचारी असले की ती सक्तीची आहे.

पायरी ९: औषध निरीक्षक दारात आल्यावर

गेटवर थांबवून ठेवू नका. ओळखपत्र पाहा, नोंद करा, क्यूए प्रमुखाला बोलवा. जे विचारले त्याचे खरे उत्तर द्या. माहीत नसेल तर “बघून सांगतो” म्हणा आणि खरोखर सांगा. नमुना घेतला तर त्याची सूचना फॉर्म १७ मध्ये मिळते आणि उत्पादकाच्या जागेतून घेतलेल्या नमुन्याच्या तीन भागांपैकी एक तुम्हाला मिळतो. तो भाग योग्य तापमानात, सीलसह जपा. बऱ्याच कंपन्या तो टेबलाच्या खणात टाकतात. शासकीय विश्लेषकाचा अहवाल विरोधात आला तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांत, आम्ही त्याविरुद्ध पुरावा देणार आहोत, असे लेखी कळवावे लागते. नाही कळवले तर अहवालातली तथ्ये निर्णायक पुरावा ठरतात. अहवाल आवक विभागात पडून राहिल्यामुळे हे २८ दिवस गेलेले खटले आहेत. आवक-जावक पाहणाऱ्या मुलाला तो कागद ओळखायला शिकवा.

पैसे मागितले गेले तर? नकार द्या आणि त्याच दिवशी कम्प्लायन्सला कळवा. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. दबावाखाली द्यावे लागलेच, तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. आठव्या दिवशी तोच माणूस लाच देणारा ठरू शकतो. ‘लायझनिंग’ करणाऱ्या एजंटला दिलेली मोघम फी या पायरीवर तपासा. कामाचा तपशील नसलेले त्याचे प्रत्येक बिल परत पाठवा.

पायरी १०: सहीआधीची फाइल

आर्थिक वर्ष संपल्यावर दोन महिन्यांत, म्हणजे ३१ मेपर्यंत, कंपनीच्या प्रमुखाला संहिता पाळल्याचे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते. कंपनी एखाद्या संघटनेची सदस्य असेल तर संघटनेकडे, नसेल तर विभागाच्या पोर्टलवर. ३० मेला संध्याकाळी एका ओळीच्या कागदावर सही मागू नका. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुढचे कागद एकत्र करायला घ्या: सॅम्पलची एकूण किंमत आणि विक्रीशी टक्केवारी, १२ पॅकच्या वर गेलेल्या डॉक्टरांची यादी आणि त्यावर काय केले, वर्षभरातले सगळे कार्यक्रम खर्चासह, डॉक्टरांना दिलेले प्रत्येक मानधन करारासह, एक्सेलच्या तपासणीत सापडलेल्या गोष्टी, नाकारलेली बिले, आलेल्या तक्रारी. प्रत्येक झोनल मॅनेजरकडून त्याच्या भागापुरते असेच घोषणापत्र घ्या आणि तेही याच फाइलला लावा. त्यात एखादी जागा रिकामी असेल तर प्रमुखाने सही थांबवावी आणि त्या झोनचा खर्च पुन्हा काढायला सांगावा. मेअखेरपर्यंत वेळ असतो.